चाललें म्हणजे झालें काय?

एखादें काम साधलें म्हणजे तें कशानें साधलें हें जाणण्याचें कांहीं प्रयोजन उरतें काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं रिकाम्या तार्किकांचा वाटण्याजोगा आहे. दिवा लागला, पाणी आलें, ताप उतरला. यापुढें चौकशी करणें म्हणजे निरुद्योगी माणसाचा उद्योग, अशीच पुष्कळांची समजूत असते. आमच्या वऱ्हाडांत तर या समजुतीचें एक सूत्रच होऊन बसलें आहे: "चाल्लं ना बाप्पा, मंग झालं!" या सूत्रांत शहाणपण मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचें पोट हातावर आहे त्याला कारणमीमांसेस सवड कोठून असणार? परंतु हें सूत्र घाईच्या वेळेपुरतें न राहतां सबंध आयुष्याचें, आणि पुढें सबंध समाजाचें, वळण होऊन बसतें, तेव्हां त्यापासून एक प्रकारचें पारतंत्र्य उत्पन्न होतें, असें आम्हांस वाटतें. तें कसें, हें एका लहानशा घरगुती उदाहरणावरून पाहावें असा आमचा विचार आहे. उदाहरण जुन्या लॅपटॉपचें आहे. तत्त्वचर्चेस इतका क्षुल्लक विषय कां निवडला, असें वाचक विचारतील. पण न्यायशास्त्राच्या आचार्यांनीं कार्यकारणभावाचा विचार घट आणि पट, म्हणजे मडकें आणि कापड, यांच्याच आधारें केला, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही शंका राहूं नये.

मध्यम स्थितीच्या घरांतून जुन्या लॅपटॉपांचा प्रश्न अलीकडे एकाएकीं पुढें आला आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केला. आणि २०२१ सालीं निघालेली ‘विंडोज ११’ ही पुढची प्रणाली यंत्रापाशीं ‘टीपीएम’ नांवाची सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीपुढील प्रोसेसर असल्यावांचून त्यास पात्र मानीत नाहीं. त्यामुळें ज्यांचा पडदा आणि कळफलक अजून धडधाकट आहेत असे कितीएक लॅपटॉप एका तारखेनें म्हातारे ठरले. अशा यंत्रांस पुन्हां कामास लावण्याचा एक मार्ग म्हणजे त्यांवर लिनक्स ही प्रणाली बसविणें. हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा आरंभ केला आणि पुढें देशोदेशींच्या हजारों लोकांनीं ती वाढविली. ती विनामूल्य मिळते. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, तिचा मूळ लेख, ज्याला ‘सोर्स कोड’ म्हणतात तो, कोणालाहि वाचतां आणि सुधारतां येतो. अचलपूर-परतवाड्याच्या बाजूस संत्रा आणि कपाशी यांच्या उत्पन्नावर पुष्कळ घरें चालतात, आणि मुलांचे परीक्षांचे व शिष्यवृत्त्यांचे अर्ज मात्र आतां बहुतेक इंटरनेटवरूनच भरावे लागतात. तेथें जुना लॅपटॉप चालणें किंवा न चालणें ही हौसेची बाब नव्हे.

अशा यंत्रांविषयीं वारंवार ऐकूं येणारी तक्रार ही कीं, लॅपटॉप सुरू होतो, पडदा उजळतो, पण बिनतारी जाळें, म्हणजे ज्याला सर्व लोक वायफाय म्हणतात तें, लागत नाहीं. वरवर पाहतां ही एकच तक्रार आहे. पण तिच्या मागें उभीं असलेलीं कारणें एका जातीचीं नाहींत. यंत्र सुरू होतांना थोडक्या सेकंदांच्या अवधींत पुष्कळ गोष्टी घडाव्या लागतात. प्रणालीच्या गाभ्यानें आंतील बिनतारी चिप ओळखावी लागते. ती चालविणारा ‘ड्रायव्हर’ हजर असावा लागतो. बहुतेक चिपांच्या बाबतींत त्या ड्रायव्हरनें चिपच्या पोटांत तिचा स्वतःचा कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, भरावा लागतो. चिपमधील रेडिओवर कोणाची बंदी असतां कामा नये. त्यानंतर दुसऱ्या एका कार्यक्रमानें घरांतील राउटर शोधून त्याला पासवर्ड सादर करावा लागतो. आणि शेवटीं राउटरकडून या यंत्रास एक पत्ता नेमून मिळावा लागतो. यांपैकीं कोणतीहि एक कडी निखळली तरी यंत्रापुढें बसलेल्यास दिसतें तें एकच: जाळें नाहीं. कार्य एक आणि संभाव्य कारणें अनेक, असा जेथें प्रकार असतो, तेथेंच मनुष्याची बुद्धि लवकर थकते आणि सहजगत्या लागू पडलेल्या उपायास चिकटून बसते.

आमच्या अचलपुरांतील एका परिचित घरचा प्रकार येथें सांगण्याजोगा आहे. त्या घरीं दहा-बारा वर्षांचा एक लॅपटॉप होता. थोरल्या मुलानें त्यावर लिनक्स बसविली आणि तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला. मागें राहिलेल्या धाकट्या बहिणीस वायफाय कधीं लागे, कधीं लागत नसे. भावानें फोनवरून तिला एक विधि सांगून ठेवला होता: यंत्र बंद करावें, चार्जर काढावा, दहा मिनिटें थांबावें, पुन्हां सुरू करावें, आणि तरीहि न लागल्यास कळफलकाच्या वरच्या ओळींतील बटणें डावीकडून उजवीकडे एकामागून एक दाबीत जावें. हा विधि बहुधा सफल होई. त्यांत मधूनच आवाज बंद पडे, पडदा अंधारून येई. पण शेवटीं जाळें लागे, आणि लागलें म्हणजे पुढें विचारण्याचें कोणासच कारण वाटत नसे. वडिलांचें मत असें पडलें कीं, यंत्र म्हातारें झालें. आईचा रोख पावसाळी हवेवर होता. आणि यंदा संत्र्याचा बहार साधला तर नवा लॅपटॉप घ्यावा, असें जवळजवळ ठरलें होतें.

मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशीं हा विधि तीनदां करावा लागला, आणि मुदत टळण्यास थोडाच अवकाश असतां अर्ज गेला. त्यानंतर तिनें एक गोष्ट केली, तीच आमच्या मतें या प्रकरणांत खरी बुद्धीची होती. तिनें एका वहींत दोन आठवडे रोज चार गोष्टी टिपल्या: हवा कशी होती, चार्जर लावलेला होता कीं नव्हता, आदल्या रात्रीं यंत्र कोणीं बंद केलें, आणि सकाळीं जाळें आपोआप लागलें कीं नाहीं. हवेचा आणि चार्जरचा कांहीं मेळ बसेना. पण ज्या ज्या रात्रीं आईनें यंत्र बंद केलें होतें, त्या त्या रात्रीनंतरच्या सकाळीं जाळें नव्हतें. आणि ज्या रात्रीं मुलीनें स्वतः बंद केलें, तिच्या पुढल्या सकाळीं तें होतें. आईला विचारतां उलगडा झाला. निजण्यापूर्वीं दिवे मालवावेत, गॅसचें बटण बंद करावें, त्याच शिस्तीनें ती माउली विमानाच्या चित्राचें बटण दाबून मग लॅपटॉप बंद करीत असे. त्या बटणानें रेडिओ बंद होतो. आणि लिनक्सच्या प्रचलित व्यवस्थेंत यंत्र बंद होतांना रेडिओची जी स्थिति असेल ती टिपून ठेवून पुढच्या वेळीं तीच पुन्हां लागू केली जाते. म्हणजे यंत्र म्हातारें नव्हतें, बिघडलेलेंहि नव्हतें. तें आज्ञाधारक होतें. सकाळच्या विधींत बटणें दाबतांना तेंच एक बटण पुन्हां दाबलें जाई आणि बंदी उठे. घाईनें तें दोनदां दाबलें गेलें कीं उठलेली बंदी पुन्हां बसे. बाकीचा सारा विधि व्यर्थ होता.

आतां या प्रकाराकडे शास्त्राच्या दृष्टीनें पाहूं. न्यायशास्त्रांत कारणाचें लक्षण सांगतांना केवळ कार्याच्या आधीं असणें पुरेसें मानलेलें नाहीं. तें नियमानें आधीं असलें पाहिजे, आणि शिवाय कार्यास त्याची खरोखर गरज असली पाहिजे. कुंभाराची माती वाहून आणणारें गाढव घटाच्या आधीं असतें खरें. परंतु त्याला घटाचें कारण कोणी म्हणत नाहीं, कारण माती डोक्यावरून आणली तरी घट होतोच. अशा फुकट मान मिळविणाऱ्या पूर्वगामी गोष्टीस नैयायिकांनीं ‘अन्यथासिद्ध’ असें नांव दिलें आहे. वरील विधींतील चार्जर, दहा मिनिटांची प्रतीक्षा आणि यंत्र पुन्हां सुरू करणें, हीं सर्व त्या कुंभाराचीं गाढवें होत. गाढव कोणतें आणि माती कोणती हें ओळखण्याची कसोटीहि आपल्या शास्त्रांत सांगितलेली आहे. एक असतां दुसरें असणें हा अन्वय. एक नसतां दुसरें नसणें हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत याच जातीच्या कसोट्या नियमबद्ध करून मांडल्या. त्या मुलीनें ना न्याय वाचला होता ना मिल्ल. पण तिची वही अन्वय-व्यतिरेकाचीच वही होती.

याच शास्त्रांत प्रतिबंधकाचा एक प्रसिद्ध वाद आहे. अग्नीजवळ चंद्रकांत मणि ठेवला तर अग्नि जाळीत नाहीं, असें एक जुनें उदाहरण आहे. उदाहरणावर आज कोणी विश्वास ठेवणार नाहीं, परंतु त्यावरून माजलेला वाद मोलाचा आहे. मीमांसक म्हणतात, मण्याच्या योगानें अग्नीच्या अंगची शक्तीच नष्ट होते. नैयायिक म्हणतात, अग्नि जसाच्या तसा आहे. प्रतिबंधकाचा अभाव ही कार्याच्या सामग्रींतील एक अट तेवढी पुरी झालेली नाहीं. त्या घरीं वडिलांचा पक्ष मीमांसकांचा होता: यंत्राची शक्ति गेली. मुलीच्या वहीनें त्या एका बाबतींत तरी नैयायिकांची बाजू खरी ठरविली. हा भेद केवळ शब्दांचा आहे असें कोणी समजूं नये. शक्ति गेली असें म्हटलें कीं चौकशी संपते आणि वस्तु टाकून देण्यास आपण मोकळे होतों. अडथळा आहे असें म्हटलें कीं चौकशीस आरंभ होतो. एखादा मुलगा वर्गांत मागें पडला कीं त्याला डोकेंच नाहीं, असें आपण किती सहज म्हणून टाकतों! कदाचित् त्याला फळ्यावरचें दिसत नसेल. कदाचित् घरीं रात्रीं निजावयास जागा नसेल. यंत्राविषयीं घाईनें मत बनविण्याची संवय माणसांविषयीं मत बनवितांना आपल्याला सोडून जात नाहीं, हें या प्रश्नाचें नैतिक अंग आहे.

तिसरी गोष्ट संयोगाची. कापडास तंतू लागतात, विणकर आणि माग लागतात. पण तंतूंचा परस्परांशीं जो संयोग, त्यालाहि नैयायिकांनीं स्वतंत्र कारण मानलें आणि ‘असमवायी’ असें नांव दिलें. सर्व तंतू उत्तम असून संयोग नसेल तर कापड नाहीं. यंत्र सुरू होतांनाचे पुष्कळ दोष या जातीचे असतात. पूर्वींच्या लिनक्समध्यें आरंभींचीं कामें क्रमांकानें, एकामागून एक, होत. २०१० सालीं निघालेल्या आणि पुढें बहुतेकांनीं स्वीकारलेल्या ‘सिस्टमडी’ या व्यवस्थेंत पुष्कळ कामें एकदमच सुरू होतात, त्यामुळें वेळ वांचतो. परंतु तींत ‘मला अमुक पाहिजे’ असें सांगणें आणि ‘मी अमुकाच्या नंतर येईन’ असें सांगणें, हीं दोन निराळीं विधानें आहेत. एखाद्या कामानें पहिलेंच सांगितलें आणि दुसरें सांगितलें नाहीं, तर दोघेहि एकाच क्षणीं उठतात आणि एकमेकांस चुकतात. मग प्रत्येक भाग वेगळा तपासावा तों तो निर्दोष! अशा वेळीं रूढ तोडगा असा कीं, मध्यें दहा सेकंद थांबण्याची आज्ञा घालावी. आज तेवढ्यानें भागतें. उद्यां चिपला जागें होण्यास बारा सेकंद लागले कीं तोडगा हरतो. खरा उपाय, किती वेळ थांबावें हें सांगण्याचा नसून कशासाठीं थांबावें हें सांगण्याचा आहे.

यावर पूर्वपक्ष असा येईल कीं, कारण न जाणतांच जगाचे पुष्कळ व्यवहार चालले आहेत आणि ते चालले म्हणूनच मनुष्यजात टिकली. आम्हांस हें मान्य आहे, आणि त्याचें एक मोठें उदाहरण आम्ही स्वतःच देतों. सिंकोनाच्या सालीनें हिंवताप हटतो हें युरोपांत सतराव्या शतकापासून ठाऊक होतें. १८२० सालीं त्या सालींतून क्विनीन वेगळें काढण्यांत आलें. पण त्या तापाचा जंतु लाव्हेरां यास दिसला तो १८८० सालीं, आणि तो डासाच्या शरीरांत वाढतो हें रोनाल्ड रॉस यानें सिकंदराबाद येथें १८९७ सालीं दाखविलें. दोन शतकांहून अधिक काळ लोकांनीं कारण न जाणतां औषध घेतलें आणि प्राण वांचविले. मेळघाटाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आम्हांस हिंवताप म्हणजे काय हें सांगावयास नको. तापानें फणफणलेल्या माणसास डासाचें चरित्र ऐकवीत बसणें हा निर्दयपणा होय. अर्जाची मुदत संपत आली असतां त्या मुलीनें वही काढून बसावें, असें आम्हीहि म्हटलें नसतें.

परंतु हेंच उदाहरण आमच्या पक्षासहि उपयोगी पडतें. रॉसच्या शोधानें काय अधिक मिळालें? क्विनीनमुळें आजारी पडलेला मनुष्य बरा होत होता. डासाचें ज्ञान झाल्यावर जो अद्याप आजारी पडला नाहीं त्याचें रक्षण करणें शक्य झालें. उपाय ज्याला झाला त्याच्यापाशीं राहतो. कारण मात्र सर्वांचें होऊं शकतें. लिनक्सच्याच इतिहासांत याचा एक सुबक दाखला आहे. लेनोव्हो कंपनीच्या ‘आयडियापॅड’ व त्याच वर्गांतील कांहीं लॅपटॉपांत वायफाय बंद-चालू करण्याचा खटकाच बसविलेला नव्हता. पण प्रणालीचा ड्रायव्हर तो खटका आहे असें धरून चाले, त्याची स्थिति विचारी, उत्तर नेहमीं ‘बंद’ असें येई, आणि रेडिओवर कायमची बंदी दिसे. नसलेल्या खटक्याची बंदी! वेदान्त्यांच्या रज्जुसर्पाचेंच हें यांत्रिक रूप. कित्येकांनीं तो ड्रायव्हर सबंध काढून टाकून आपापल्यापुरता मार्ग काढला. पुढें ज्या नमुन्यांत असा खटका नाहीं त्यांची यादी खुद्द प्रणालीच्या गाभ्यांतील लेखांत दाखल होऊं लागली, आणि तींत एका नमुन्याची एक नोंद वाढली कीं त्या नमुन्याच्या जगांतील सर्व मालकांची पीडा, त्यांना तिचें कारण न कळतांहि, दूर होऊं लागली. पुण्याच्या भावाचा विधि फार तर एका बहिणीस शिकवितां येतो, आणि तोहि तिला भावावरच अवलंबून ठेवितो. कारणाचा शोध मात्र अनोळखी माणसाच्या कामास येतो. म्हणून सवड असतां कारण शोधणें हें केवळ कुतूहल नसून परोपकाराचा एक प्रकार आहे, असें आम्ही मानतों.

येथें एक अवघड प्रश्न उभा राहतो. कारण शोधणें हें कर्तव्य म्हणावें, तर शोधण्याची मोकळीक तरी असली पाहिजे. वर सांगितलेला फर्मवेअर नांवाचा चिपमधील कार्यक्रम बहुधा कंपन्यांनीं कुलपांत ठेवलेला असतो. त्याचा मूळ लेख वाचावयास मिळत नाहीं. ब्रॉडकॉम कंपनीच्या बिनतारी चिपांसाठीं स्वयंसेवकांनीं त्यांचें वागणें बाहेरून न्याहाळून ड्रायव्हर लिहिला, आणि तो २००६ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत आला. तरी फर्मवेअर वांटण्याची परवानगी नसल्यामुळें वापरणाऱ्यानें तें कंपनीच्याच ड्रायव्हरमधून स्वतः काढून घ्यावें लागे. तें मिळविण्यास इंटरनेट हवें, आणि इंटरनेट लागण्यास तें हवें; घराची किल्ली घरांतच राहावी तसा हा प्रकार होता. त्याच कंपनीनें २०१० सालीं नव्या चिपांसाठीं उघडा ड्रायव्हर प्रसिद्ध केला, हेंहि नमूद केलें पाहिजे. ‘मुलागणिक एक लॅपटॉप’ या योजनेचीं यंत्रें २००७ सालीं आपल्या रायगड जिल्ह्यांत कर्जतच्या बाजूस एका खेड्याच्या शाळेंत आलीं. त्यांवर लिनक्स होती आणि तीं आपापसांत बिनतारी जाळें विणूं शकत. मुलांनीं यंत्र उघडून समजून घ्यावें हा त्या योजनेचा अभिमानाचा भाग. पण नेमक्या त्या बिनतारी चिपचें फर्मवेअर बंद होतें, आणि ‘ओपनबीएसडी’ या दुसऱ्या मुक्त प्रणालीचे प्रवर्तक थिओ डी राट यांनीं २००६ सालींच त्यावर उघड आक्षेप घेतला होता.

मग काय करावें? कुलूपबंद वस्तूस हात लावावयाचा नाहीं, असें सोंवळें पाळावें, कीं गरजूचें काम अडूं नये म्हणून ती निमूटपणें स्वीकारावी? डेबियन या लिनक्सच्या प्रमुख शाखेंत हा वाद अनेक वर्षें चालला. १९९७ सालीं तिनें आपल्या सामाजिक करारांत मुक्ततेचें व्रत घेतलें होतें. त्यामुळें तिच्या अधिकृत संचांत असें फर्मवेअर नसे, आणि जुन्या लॅपटॉपवर ती बसविणाऱ्या नवख्या माणसाचें वायफाय आरंभींच अडे. ऑक्टोबर २०२२ मध्यें तिच्या सभासदांनीं मत देऊन हा नियम बदलला, आणि जून २०२३ मध्यें निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर संचांत येऊं लागलें. परंतु तें मुक्त लेखांत मिसळून टाकलें नाहीं. ‘अमुक्त फर्मवेअर’ अशा अर्थाचें नांव देऊन त्याचा कप्पा निराळा ठेवला, आणि नको असेल त्यास तें टाळतां येईल अशी सोय केली. कित्येक व्रतस्थांस हा तत्त्वभंग वाटला. आमचें मत निराळें आहे. ज्याचें कारण आपणांस कळत नाहीं असा उपाय वापरणें यांत अधर्म नाहीं. अज्ञात उपायास ज्ञात म्हणून मिरविणें, किंवा तो अज्ञात आहे हेंच विसरून जाणें, यांत आहे. वेगळ्या कप्प्यावर लिहिलेलें तें नांव म्हणजे अज्ञानाची प्रामाणिक कबुली होय. आणि जेथें कबुली जिवंत असते तेथें एक दिवस कुलूप उघडण्याची आशाहि जिवंत असते.

यंत्र किती वर्षें जगतें हें त्याच्या धातूवर जितकें अवलंबून असतें, तितकेंच त्याच्या उघडेपणावर असतें. आमच्या अचलपुराहून मूर्तिजापुरास जाणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवरील गाडी अलीकडच्या वर्षांत बंद पडली. पण मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेल्या वाफेच्या इंजिनानें त्या रेल्वेची सेवा १९९४ सालापर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांवर, केली. तें त्या काळाचें सर्वोत्तम यंत्र होतें म्हणून नव्हे. वाफ कोठून गळते, कोणता सांधा झिजला, हें पाहणाऱ्यास दिसत होतें आणि दुरुस्त करणाऱ्याच्या हातास पोंचत होतें म्हणून. दहा वर्षांचा लॅपटॉप टाकाऊ ठरवितांना तो खरोखर झिजला आहे, कीं त्याच्याकडे पाहण्याची आपली वाटच बंद झाली आहे, हें विचारण्यास काय हरकत आहे?

असो. आमच्या म्हणण्याचें तात्पर्य थोडक्यांत असें. घाईच्या वेळीं उपाय आधीं करावा. त्यांत संकोच बाळगूं नये. परंतु केलेल्या उपायाचें कारण कळलें नसेल तर तसें मनांत तरी नोंदून ठेवावें, आणि ‘समजलें’ हा शब्द ‘साधलें’ याच्या जागीं वापरूं नये. सवड मिळतांच एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावें, कारण चार गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे यश आलें तरी ज्ञान येत नाहीं. आणि जें सांपडेल तें शेजाऱ्यास सांगावें. एवढें करणाऱ्यास कोणी तत्त्वज्ञ म्हणणार नाहीं, आणि त्याचें प्रत्येक यंत्र नीट चालेलच असेंहि नाहीं. कित्येक वेळां शेवटीं खरोखरच चिप जळालेली निघेल आणि नवी वस्तु घ्यावीच लागेल. पण ती घेतांना आपण ती कां घेत आहों, हें त्याला ठाऊक असेल. ‘चाललें म्हणजे झालें’ असें मानणारा मनुष्य चालतें तोंवर सुखी असतो. थांबलें म्हणजे तो विकणाऱ्याच्या, जाणत्याच्या किंवा दैवाच्या दारीं उभा राहतो. त्या दारीं किती वेळां जावें लागावें, हें पुष्कळ अंशीं आपल्या विचारण्याच्या संवयीवर अवलंबून आहे. आणि ती संवय घरांतील मुलांना लागावी अशी इच्छा असेल, तर त्यांचे प्रश्न ‘चाललें ना, मग झालें’ असें म्हणून मोडूं नयेत, एवढी काळजी वडीलधाऱ्यांनीं घेतली तरी पुरे.